वाट चांगली कीं माणूस?

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. मनालीहून लेहपर्यंतच्या रस्त्याचीं वर्णनें आतां इतकीं झालीं आहेत कीं, त्यांत आणखी एकाची भर घालून वाचकांचा वेळ घ्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु गेल्या आषाढांत मुलांबाळांसह त्या वाटेनें जात असतां आमच्या चौदा वर्षांच्या कन्येनें आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याचें उत्तर त्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि घरीं परतल्यावरही पुष्कळ दिवस तें सुचेना. प्रश्न दिसण्यांत लहान होता; पण त्याचीं मुळें नीतिविचारांत बरींच खोल गेलेलीं आहेत, असें पुढें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून तो येथें मांडीत आहों. तो मांडतांना आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगणें प्राप्त आहे. ती न सांगतां प्रश्नाचा अर्थच लागावयाचा नाहीं.

चूक प्रवासाच्या पहिल्याच पहांटे घडली. पुण्याहून निघून मुंबईस विमान गांठावयाचें होतें. बोरघाटांत पाऊस कोसळत होता. एका वळणापुढें रस्त्याच्या कडेस एक मोटार बॉनेट उघडून उभी होती. एक गृहस्थ भिजत हात हालवीत होते. त्यांच्या मागें छत्रीखालीं एक बाई, आणि तिच्या कडेवर मूल. आमची गाडी त्यांच्या जवळून पुढें निघून गेली. मुलीनें मागें वळून पाहिलें व "बाबा, ते हात करीत होते," एवढेंच ती म्हणाली. आम्हीं तिला सांगितलें कीं, अशा रस्त्यावर मधेंच थांबणें धोक्याचें असतें. अडलेल्यांच्या मदतीस येणाऱ्या गाड्या असतात, पोलीस असतात, आणि त्या गृहस्थांजवळ फोन असेलच. यांतलें एकही वाक्य खोटें नव्हतें. मुलगी गप्प बसली. आम्हांस विमान मिळालें.

आतां ज्या वाटेनें आम्ही गेलों तिचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मनालीच्या उत्तरेस रोहतांगच्या डोंगराखालून गेलेला ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. बोगद्याच्या अलीकडे देवदारांचें रान आणि धुकें. पलीकडे लाहुलचें रुक्ष खोरें, कारण पावसाळी ढगांना तो डोंगर सहसा ओलांडवत नाहीं. तांदी येथें चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात. पुढें हिलाच चिनाब म्हणतात. पण तिचें दुसरें नांव चंद्रभागा. पंढरपुराबाहेर हें नांव प्रथमच ऐकणाऱ्या आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनीं पाण्याचा हात कपाळीं लाविला आणि "येथें विठोबा कोठें आहे?" असें विचारिलें. आम्ही सर्व हंसलों. त्याच तांदीच्या पेट्रोल पंपावर, पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर आहे अशी पाटी अनेक वर्षें होती. तेथून पुढच्या प्रदेशाची कल्पना येण्यास ती एक पाटी पुरेशी आहे. सुमारें ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ओलांडला म्हणजे झाड म्हणून दृष्टीस पडत नाहीं. मग सर्चूचें पठार, गाटा लूप्सचीं एकवीस वळणें, नकी ला, लाचुलुंग ला, पांग, मोरेचें विस्तीर्ण मैदान, आणि शेवटीं ५,३२८ मीटरांवरील तांगलांग ला. लेह येथें वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सुमारें १०० मिलिमीटर. आमच्या घाटांत तेवढा एखाद्या रात्रींत पडून जातो. पांच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें निम्म्याहून थोडाच अधिक असतो. चार पावलें चाललें तरी मनुष्यास आपल्या श्वासाची किंमत कळते. कोसच्या कोस वस्ती नाहीं, फोन लागत नाहीं, आणि हिवाळ्यांत रस्ता बर्फाखालीं जातो.

गाटा लूप्सच्या एका वळणावर दगडांचें एक लहानसें देऊळ आहे. त्याच्याभोंवतीं पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडलेला असतो. आख्यायिका अशी सांगतात कीं, मोसमाच्या अखेरीस येथें एक मालमोटार बंद पडली. चालक मदत आणावयास गेला, इतक्यांत बर्फ पडून वाट बुजली, आणि गाडी राखीत मागें राहिलेला आजारी क्लीनर थंडीनें व तहानेनें मेला. तेव्हांपासून येणाऱ्याजाणाऱ्यापाशीं त्याचा आत्मा पाणी मागतो, म्हणून लोक तेथें बाटली ठेवून पुढें जातात. आख्यायिकेची सत्यता तपासण्याचें आम्हांस कारण नाहीं. मुलांच्या आग्रहास्तव आम्हींही एक भरलेली बाटली तेथें ठेविली, हात जोडिले, आणि वर चढूं लागलों.

त्या दिवशीं सकाळीं सर्चूजवळ एक चाक पंक्चर झालें होतें व स्टेपनी चढविली होती. तिसऱ्या प्रहरीं, नकी ला मागें टाकून लाचुलुंग ला चढत असतां, दुसरें चाक फुटलें. चिरंजीवांचें डोकें सकाळपासून दुखत होतें. आतां त्यांना दोनदां वांती झाली आणि ओठ निळसर दिसूं लागले. मुलांच्या आईनें त्यास मांडीवर घेतलें. ती कांहीं बोलली नाहीं. पण हा प्रवास ठरविणारे आम्ही, हें तिच्या न बोलण्यांत स्पष्ट होतें. आमचे चालक लाहुलचे पन्नाशीचे गृहस्थ. ते शांतपणें दगड लावून गाडी टेंकवीत म्हणाले, "कोणीतरी येईल." वीस मिनिटांनीं भाजीपाल्यानें भरलेली एक मालमोटार घरघरत वर आली. आम्हीं हात करण्यापूर्वींच ती थांबली होती.

तिच्या तरुण चालकानें मुलाकडे एकवार पाहिलें, माय-लेकरांस आपल्या शेजारीं बसविलें, दोन्ही फुटकीं चाकें वर टाकिलीं, आणि तो पांगकडे निघून गेला. दोन तासांनीं एक दुरुस्त झालेलें चाक उलट दिशेनें येणाऱ्या एका टँकरवर आमच्याकडे परत आलें. तें उतरवून देणाऱ्यास आम्ही कोण हें ठाऊक नव्हतें. चाक कोणत्या खुणेच्या दगडाजवळ द्यावयाचें, एवढेंच त्यास सांगितलेलें होतें. आम्ही पांगला पोहोंचलों तेव्हां अंधार पडला होता. मुलास प्राणवायु मिळाला होता व तो निजला होता. मालमोटारीचा चालक मात्र अजून तेथेंच होता. मुलाचे वडील आल्याखेरीज त्यास जाववेना. त्याची भाजी नासण्याजोगी होती, आणि त्यास त्या रात्रीं बरेंच पुढें जावयाचें होतें. आम्हीं पैसे पुढें केले. तो म्हणाला, "पैसे नकोत. वाटेंत कोणी उभा दिसला तर थांबा, म्हणजे झालें." आमच्या कन्येनें आमच्याकडे पाहिलें नाहीं, हा तिचा समंजसपणा. तिनें त्यालाच विचारिलें, "भैया, तुम्ही दिल्लींतसुद्धां असेच थांबतां?" तो मोकळेपणानें हंसला. "तिकडे नाहीं, बेटी. तिकडे पुष्कळ माणसें असतात."

रात्रीं तंबूंत कांबळ्यांखालीं पडल्यावर तिनें तो प्रश्न विचारिला: "बाबा, हे लोक आपल्यापेक्षां चांगले आहेत, कीं ही वाट चांगली आहे?"

प्रश्नाची धार वाचकांच्या लक्षांत आली असेल. माणसें चांगलीं म्हणावें, तर तोच चालक दिल्लींत थांबत नाहीं, हें त्यानेंच कबूल केलेलें. वाट चांगली म्हणावें, तर सद्गुण हा माणसाचा न राहतां जागेचा होतो. मग बोरघाटांतल्या आमच्या वर्तनाबद्दल आम्हांस दोष तरी कसा द्यावा? आम्ही वाईट नव्हतों, वाट वाईट होती, असें म्हणून मोकळें होतां येईल. आणि खरें सांगावयाचें तर, उत्तर शोधूं लागल्यावर प्रथम मनास हीच पळवाट सांपडली.

प्रथमदर्शनीं असें वाटतें कीं, निर्जन वाटेवरचें औदार्य हा एक न लिहिलेला करार आहे. आज तुझें चाक फुटलें, उद्यां माझें फुटेल. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. तो अजाण गिऱ्हाइकासही फसवीत नाहीं. पण तसें करण्यांत धंद्याचा फायदा आहे म्हणून फसवीत नसेल, तर त्याचें वर्तन कर्तव्यास धरून असलें तरी कर्तव्यबुद्धीनें केलेलें नव्हे. हें माप लाविलें तर मालमोटारीचा चालक त्या दुकानदाराच्याच पंक्तीस बसतो. पण या कराराच्या कल्पनेंत एक मोठी उणीव आहे. ज्याच्याशीं करार करावयाचा तो पुन्हां भेटण्याची कांहींच शाश्वति नाहीं. आम्ही पुण्याचे, त्या चालकास आमचा उपयोग कोठें व कधीं होणार? त्यानें परतफेड मागितली ती स्वतःसाठीं नव्हे. वाटेंत उभ्या राहणाऱ्या कोणासाठीं तरी मागितली. ज्या करारांत देणारा एक आणि घेणारा भलताच, त्यास व्यापार म्हणणें कठीण आहे.

तेव्हां त्याच्या दुसऱ्या वाक्याकडे वळलें पाहिजे. "तिकडे पुष्कळ माणसें असतात," हें त्यानें सहज सांगितलेलें कारण अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें पडताळून पाहिलेलें आहे. १९६८ सालीं डार्ली व लाताने या दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, दुसऱ्या खोलींतील माणसास झटका आल्याचा आवाज ध्वनियंत्रांतून विद्यार्थ्यांस ऐकविण्यांत आला. ऐकणारे आपण एकटेच आहों असें ज्यांना वाटत होतें, त्यांपैकीं शेंकडा ८५ जणांनीं तो माणूस बोलत असतांनाच मदतीसाठीं धांव घेतली. आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांना वाटत होतें, त्यांपैकीं मात्र शेंकडा ३१ जणांनींच. पुढें १९७३ सालीं डार्ली व बॅटसन यांनीं प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग केला. त्यांना भाषण देण्यासाठीं एका इमारतींतून दुसरींत जावयाचें होतें, आणि वाटेंत एक माणूस कण्हत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकीं शेंकडा ६३ थांबले. ज्यांना फार घाई होती त्यांपैकीं शेंकडा १०. कांहींजणांच्या भाषणाचा विषयच वाटेंतल्या जखमीस मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलांतील कथा हा होता. त्यानेंही म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं! आम्हांस विमान गांठावयाचें होतें, हें येथें वाचकांस आठवेल.

तर मग वाटच चांगली, हाच निकाल झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. निर्जन वाट माणसाच्या मनांत नवीन करुणा घालीत नाहीं. ती एक प्रश्न तेवढा काढून टाकिते. "मीच कां?" हा तो प्रश्न. लाचुलुंगच्या चढावर दुसरें कोणी नाहीं, म्हणून येईल तो आपणच ज्याच्यावर हें काम आलें तो, असें समजतो. गर्दींत तें काम सर्वांचें असतें, म्हणून कोणाचेंच राहत नाहीं. पण निर्जनता हा काम नेमून देण्याचा एक मार्ग झाला. तो एकच मार्ग आहे असें नाहीं. समुद्र निर्जनच असतो. तरीही तेथें केवळ खलाशांच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवितां, १९१० सालीं ब्रुसेल्स येथें राष्ट्रांनीं करार केला. समुद्रांत जीव जाण्याच्या संकटांत सांपडलेला मनुष्य शत्रु असला तरीही, आपलें जहाज व माणसें यांस गंभीर धोका न पोहोंचवितां शक्य असेल तर, त्यास साह्य करणें कप्तानावर बंधनकारक करण्यांत आलें.

लडाखांतील खेड्यांकडे पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. तेथील शेती बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. पाणी थोडें व शेतें पुष्कळ. म्हणून 'चुरपोन' नांवाचा पाणी वांटणारा नेमण्याची पद्धत आहे; कोणाच्या शेतांत पाणी केव्हां सोडावयाचें हें तो पाहतो. जन्म, लग्न आणि मृत्यु या प्रसंगीं कोणीं कोणाच्या घरीं धांवून जावें, हेंही 'फास्पुन' या कुलगटानें ठरविलेलें असतें. एक कुलदैवत मानणारीं घरें त्यांत एकत्र असतात. मेलेल्याच्या घरचे शोक करीत बसतात, आणि अंत्यविधीचीं कामें फास्पुनांतले लोक उचलतात. कठोर प्रदेशांत राहिल्यानें हे लोक आपोआप सज्जन झाले, असें समजणें त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनीं विचार करून व्यवस्था लाविली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाळिली.

कोणी म्हणेल, खेडीं लहान असतात. लाखों लोकांच्या गर्दींत हें कसें साधावें? याचें उत्तर आमच्या चिरंजीवांनीं चंद्रभागेच्या कांठीं नकळत दिलें होतें. आम्ही ज्या दिवसांत लेहच्या वाटेवर होतों, त्याच दिवसांत आळंदीहून व देहूहून निघालेल्या पालख्या पंढरीची वाट चालत होत्या. एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्या रस्त्यावर असेल? पण तेथें चालणारा कोणत्या तरी दिंडींतला असतो. आणि अनोळखी माणसासही 'माउली' अशी हांक असते. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या मुक्कामावर संध्याकाळीं समाजआरती होते. तेव्हां चोपदार दंड उंच करितात आणि टाळ थांबतात. हरवलेल्या व सांपडलेल्या वस्तु पुकारल्या जातात. आणि ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तिचें गाऱ्हाणें ऐकल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हा सोहळा एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबांनीं शिस्तीस लाविला. लाखों माणसांत एकाचा आवाज बुडूं नये, एवढ्यासाठीं केलेली याहून साधी युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. त्या रस्त्यावर पुष्कळ माणसें असतात. तरी ऐकावयाचें कोणीं, हें ठरलेलें असतें.

यावरून मुलीच्या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस सुचतें तें असें: वाट माणसास चांगलें करिते हें खरें, परंतु वाट माणसेंच करितात. डोंगरांत ती उंचीनें आणि थंडीनें केली. चुरपोनाच्या खेड्यांत आणि पंढरीच्या रस्त्यावर ती माणसांनीं केली. आमच्या द्रुतगति मार्गावरही ती कांहीं अंशीं केलेली आहे. अडलेल्यांस मदत करणाऱ्या गाड्या आहेत. अपघातग्रस्तास साह्य करणाऱ्यास त्रास होऊं नये म्हणून २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत संरक्षणही आलें आहे. मग बोरघाटांत आम्हीं मुलीस सांगितलें तें योग्यच होतें, असें कोणी म्हणेल. नव्हतें. थांबलों नाहीं हा आमचा मुख्य दोष नव्हे. त्या पावसांत त्या वळणावर थांबणें कदाचित् अविचाराचेंही ठरलें असतें. दोष हा कीं, व्यवस्था आहे असें आम्हीं मुलीस सांगितलें, आणि त्या व्यवस्थेस कळविलें मात्र नाहीं. फोन आमच्या हातांत होता. विमान वेळेवर आहे कीं नाहीं, हें आम्ही त्याच वेळीं त्यांत पाहत होतों. त्या गृहस्थांचा फोन भिजून बंद पडला असेल, ही शंका आम्हांस आली होती, आणि आम्हीं ती मनांतून काढून टाकिली. व्यवस्था ही दयेची जागा घेऊं शकते. पण तिला हांक मारणारा कोणीतरी लागतो. ती हांक म्हणजे टाळ वाजवीत राहणें होय. आमचा टाळ आम्हीं वाजविला नाहीं.

आणि म्हणूनच गाटा लूप्सवरची ती बाटली आतां आम्हांस बोंचते. मेलेल्यास पाणी ठेवण्यांत आम्हांस कोणतीही अडचण वाटली नाहीं. तेथें गाडी थांबविली, उतरलों, वेळ घालविला, छायाचित्रही काढिलें. जिवंत माणसापाशीं चार दिवसांपूर्वीं तेवढा वेळ नव्हता. त्या देवळाभोंवतीं पडलेल्या प्लॅस्टिकच्या ढिगांत आमच्यासारख्या किती जणांच्या बाटल्या असतील, आणि त्यांपैकीं कितीजण खालीं मैदानांत कोणास न पाहिल्यासारखें करून आले असतील, कोण जाणे! आपल्याकडे पाणपोई घालणारा तहानलेल्याची गांठ पडण्याची वाट पाहत बसत नाहीं. कोणीतरी येईल, आणि त्यास पाणी लागेल, एवढें धरून तो रांजण भरून ठेवितो. मेलेल्याच्या नांवानें बाटली ठेवण्यांतही मूळचा हेतु हाच असावा: पुन्हां येथें कोणी पाण्यावांचून मरूं नये. हेतु विसरून बाटली तेवढी शिल्लक राहिली, म्हणजे धर्माचा कचरा होतो.

लेहहून परत आल्यावर मुंबईहून पुण्यास येतांना, त्याच वळणापाशीं कन्येनें खिडकींतून पाहिलें. आम्हींही पाहिलें. पाऊस थांबला होता आणि कडेस कोणी उभें नव्हतें. ज्यांचें ऋण आमच्यावर आहे, तीं माणसें कोण होतीं, कशीं घरीं पोहोंचलीं, हें आम्हांस कधींही कळणार नाहीं. तें त्यांचें त्यांस फेडतां यावयाचें नाहीं. पांगच्या त्या चालकाचें ऋणही त्याचें त्यास फेडतां येत नाहीं. पण तें कोणास फेडावयाचें, हें त्यानें सांगून ठेविलें आहे. घाट चढून आल्यावर मुलीनें आमच्या फोनमध्यें महामार्गाच्या मदतीचा क्रमांक स्वतः लिहून ठेविला व आम्हांस दाखविला. तो आम्हांस आतां पाठ आहे.